टाकीचं झाकण

सत्याऐंशी सालची पद्मिनी. मूळ रंग
आता दाराच्या फटीतच सापडतो.
फर्मागुडीच्या चढणीवर तिसऱ्यात घातली
की आधी धक्के, मग खोकला,
मग पाय तळाला टेकवला तरी
ट्रकांना वाट देत ही आपली कडेला उभी.

दुर्गेशने पॉइंट घासले,
लग्नपत्रिकेचा कोपरा घालून गॅप धरला.
प्लग उन्हात फिरवून म्हणाला, पांढरे पडलेत,
पेट्रोल पोचत नाही.
एवढं त्याचं बरोबर होतं.
मग जेट फुंकले, पंपाचा पडदा बदलला,
बिल केलं. चढणीवर पुन्हा तेच.
सावर्ड्याला कॉइल नवी घातली.
मेव्हणा म्हणाला, इंजिन बसलं, भंगारात दे.
कॉम्प्रेशन मोजून घेतलं, तर चारही सिलिंडर
एका आईची लेकरं असल्यासारखे सारखे.

कायतान मेस्ताने कुर्टीच्या शेडमध्ये
बॉनेटला हातच लावला नाही.
स्टुलावर बसून विचारलं,
"केन्ना बंद पडटा? कितल्या वेळान?"

मी पंचायतीतला कारकून,
गावचे जन्म-मृत्यू माझ्या अक्षरात आहेत.
गाडीचीही वही होती. दिली.

१४ मार्च. शिरोड्याहून सहा-दहाला. फर्मागुडीला बंद.
दहा मिनिटांनी आपोआप चालू.
४ एप्रिल. तीच जागा. आईला मळमळ नाही.
अकरा मिनिटांनी आपोआप.
२५ एप्रिल. तीच जागा. आई उतरून दगडावर बसली.
काजूचं बोंड मागितलं, चोखलं. वीस मिनिटं.
(गाडी आधीच सुरू झाली असती. पाहिलं नाही.)
१६ मे. तीच जागा. आई उतरली नाही.
६ जून. गेलो नाही.

कायतानने बोट ठेवलं ते 'आपोआप'वर.
उठला, मागे गेला,
टाकीचं झाकण अर्धं फिरवलं
आणि टाकीने हवा ओढली,
पाण्यातून वर आलेल्या माणसासारखी.

"आयकलें? पेट्रोल भायर वता, वारो भितर येना.
पंप चोखता चोखता थकता.
तूं रावता मरे, तेन्ना इल्लोसो वारो शिरता."

झाकण उलटं केलं. टाचणीएवढं भोक,
त्यावर राखाडी गोळा, दगड झालेला,
आणि गोळ्यावर अंगठा.
"हें कोणें केलां?"
दिवसभर मी लोकांचे अंगठे घेतो.
हा ओळखायला चष्माही लागला नाही.

मागच्या सीटवर पेट्रोलचा वास येतो, म्हणायची.
बांबोळीहून येताना तर
लिंबाची फोड नाकाशी धरून यायची, डोळे मिटून.
म्हणून मार्चच्या सुरुवातीला एका रात्री
टॉर्च दातांत धरून एम-सील मळलं.
वास गेला. तिने दोनदा सांगितलं, गेला हं.

कॉइल, पडदा, जेट, सगळे पैसे
मी मनात पुन्हा मोजले.
आणि मग त्या दगडावरची वीस मिनिटं:
खाली पोफळीचे शेंडे, बोंडाचा रस कोपरापर्यंत,
ती म्हणालेली, बरी बंद पडली.
तेव्हा वाटलं, माझी समजूत घालते आहे.

कायतानने टोच्याने खरवडलं,
भोकातून एकदा आभाळ बघितलं,
झाकण लावलं. पैसे विचारले
तर म्हणाला, च्या हाड.

निघालो. तिसऱ्यात घातली.
धक्का नाही, खोकला नाही,
दगड डावीकडून आला आणि गेला.
मागून पेट्रोलचा वास येत होता.

म्हार्दोळला पोचल्यावर लक्षात आलं
की मला शिरोड्याला जायचं होतं,
उलट्या दिशेला.